परक्या देवाला खांदा

१९ मे १९९६, बुसैतीन

म्हणे परक्या देवाला खांदा दिलास आणि आपल्या शिमग्याला आला नाहीस! फोनवर दादाचं अजून तेच. अरे, इथे आखातात शिमग्याला रजा कोण देतो? मी इटालियन साहेबाचा स्वयंपाकी, त्यानेच मला त्याच्या गावच्या जत्रेला नेला. दगडी गल्ल्या, खिडक्यांतून फुलं, संताची मूर्ती माणसांच्या खांद्यावर. साहेबाने मलाही दांड्याखाली घातला. खांद्याला लाकूड टेकलं आणि पाय आपोआप नाचायला लागले, आपण पालखी नाचवतो तसे. मूर्ती डुलली. पुढचा म्हातारा ओरडलाच. साहेब त्याला म्हणाला, "ह्याच्या गावात देव नाचतो." म्हातारा हसला. "मग नाचव, पण हळू!"

खांद्यावर अजून वळ आहे. हात लावला की बरं वाटतं. दादाला हे कसं सांगू? पुढच्या शिमग्याला इंशाल्ला हाच खांदा घेऊन येतो. तोवर पालखीच्या ओटीला पाचशे रुपये पाठवतो.