गाडी त्यांची, शिट्टी आपली

शिरूर,
रविवार

आदरणीय मामा,

सप्रेम जय भीम. मामींच्या गुडघेदुखीला आणि तुमच्या रागाला उतार पडला असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही ठीक, म्हणजे उभे आहोत. तुमची राजश्रीही खुशाल आहे. स्वतःचा डबा पोरांना वाटून येते आणि मग माझ्या ताटातली भाकरी पळवते. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही ‘मुद्द्याचं बोल’ म्हणून दटावता, आणि या मुद्द्यापर्यंत मला दमादमानंच यावं लागणार आहे.

भाचा आणि लेक इंटरनॅशनल संस्थेत आहेत, असं तुम्ही दौंडात सगळ्यांना सांगत असता. ते खोटं नाही. आमचे अध्यक्ष साहेबराव यांचा मेहुणा काठमांडूला असतो, तीच आमची परदेशातली शाखा. (नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.) काम मात्र खरं आहे. इनामगावच्या बाजूला ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर, राजश्री संध्याकाळची शाळा घेते. आईबाप फडातून अंधार पडल्यावर येतात, तोवर पोरं एका पत्र्याखाली, एका दिव्यापाशी बसतात. नदीकाठी बिबट्या फिरतो, म्हणून ही शाळा. बाराखडी हा जोडधंदा. (मी त्याच वेळी पलीकडच्या कोप्यांवर असतो, म्हणून तिच्यासोबत जाता येत नाही.)

या शाळेला पैसा देणारी संस्था मात्र अस्सल इंटरनॅशनल आहे. त्यांनी यंदा ठरवलं की, आपण ‘सुरक्षेतले समान भागीदार’ आहोत. समान म्हटल्याबरोबर मला धास्ती वाटली. (आमच्या आबांनी वाट्यानं जमीन केली तेव्हा मालक त्यांना समान म्हणत नव्हता, पण पेरणीला निम्मं बी तरी द्यायचा.) मग त्यांच्या सुरक्षा-मॅडम आल्या आणि आमचं अपहरण झालं तर आम्ही कसं वागायचं, ते आम्हाला शिकवत बसल्या. त्यांच्या धोक्यांच्या तक्त्यात बंड होतं, बॉम्ब होता, भूकंप होता, बिबट्या नव्हता. शेवटी राजश्रीनं त्याला ‘सशस्त्र गट’ या रकान्यात बसवलं. नखं असतात म्हटल्यावर मॅडमनाही ते पटलं. मग साधनांचं वाटप झालं: त्यांना गाडी, आम्हाला प्रत्येकी एक शिट्टी.

पुढे कोप्यांवर रंगीत तालीम झाली. शिट्टी वाजली की हातातलं टाकून गाडीकडे पळायचं, असं ठरलं होतं. राजश्रीनं शिट्टी फुंकली. पोरांना वाटलं कवायत आहे. ती उसाकडे तोंड करून रांगेत सावधान उभी राहिली. मॅडम गाडीत बसल्या. मी दाराला हात घातला, तर भैरू ड्रायव्हर (आपल्या दौंडाकडचाच, वरवंडचा, गरीब माणूस) मान खाली घालून म्हणाला, “सत्यजीतभाऊ, तुमचा इमा न्हाई. बाहेरच्याला बसवायचं न्हाई, असं लिहून घेतलंय माझ्याकडनं.” मागची अख्खी सीट रिकामी घेऊन गाडी शिरूरला गेली. राजश्री म्हणाली, “दादा, आता आपली सुटका झाली म्हणायची का?” पोरांचे आईबाप आल्यावर आम्ही डांबरी रस्त्यापर्यंत चालत निघालो.

अहवालात तालीम यशस्वी ठरली, कारण कोणी जखमी झालं नाही. पुढे नियम आला की त्यांच्या माणसांनी सूर्य मावळल्यावर तिकडे जायचं नाही. आपण त्यांची माणसं नाही, म्हणून आपण जायचं. शाळा बंद पडली तर निधीही बंद. वाटेवर दोन दिवे आणि संध्याकाळपुरती गाडी मागितली, तर उत्तर आलं की भागीदारानं स्वतःची क्षमता वाढवावी. साहेबरावांकडे गेलो, तर ते म्हणाले, “देणाऱ्याचा हात वर असतो बाबा. तू शिट्टी जपून ठेव.” मामा, फार कंटाळलोय. राग यायलाही अंगात जोर लागतो. राजश्री घरी पोचेपर्यंत भीती वाटते, एवढंच रोजचं उरलंय.

मामींना जय भीम.

तुमचा भाचा (इंटरनॅशनल),
सत्यजीत

ता. क. सोबत एक कागद आहे. राजश्रीला काही झालं, तर तिच्या वडिलांची पैसे देणाऱ्या संस्थेविरुद्ध तक्रार राहणार नाही, असं त्यात लिहिलंय. (त्यांच्याकडून मराठीत आलेला हा पहिलाच कागद.) तुमची सही मागवून घे, असं मला सांगण्यात आलं आहे. त्याप्रमाणे कळवलं.

ता. क. २. सही करू नका. तुमच्या पोलिसातल्या नोकरीतली ती मोठी बॅटरी आणि काठी घेऊन तुम्हीच या, आणि ऊस संपेपर्यंत राहा. राजश्रीनं तुम्हाला काही कळवायचं नाही अशी शपथ घातली आहे, तेव्हा सहज आलो म्हणा.

ता. क. ३. परवा उसात खरंच काहीतरी हललं. तिनं शिट्टी फुंकली. पोरं पळाली नाहीत. उसाकडे तोंड करून रांगेत सावधान उभी राहिली. निघालं ते रानडुक्कर, म्हणून मला एवढं हसत लिहिता आलं. लवकर या.