आईचा दहावा, फोनवरून

सीब, मंगळवार, नोव्हेंबर २०१६

अजून अंगावर काटा आहे. लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

आज आईचा दहावा. इथे आखातात मला रजा मिळाली नाही, गावी सगळं धाकट्या सुनीलनेच केलं. सकाळी वर्कशॉपमध्ये एसी खोलून बसलो होतो, तेवढ्यात त्याचा फोन. "दादा, तास झाला, कावळा शिवत नाय. तू बोल काहीतरी." त्याने फोन पिंडाजवळ धरला. मी म्हटलं, आई, शिमग्याला येतो. घरावर स्लॅब टाकतो. सुनीलचं लग्न करतो. कावळा झाडावरून हलेना. आणखी काय कबूल करू?

मागे कासीम उभा होता. रत्नागिरीकडचाच, सहा वर्षं आम्ही एका खोलीत राहतो. त्यालाही दहा दिवस सांगितलं नव्हतं. का? बोललं की खरं होईल, असं वाटायचं. जेवण जात नव्हतं, तर पोट बिघडलंय अशी थाप मारली.

त्याने सगळं ऐकलं होतं. काही न विचारता माझ्या हातातून फोन घेतला. "आये, मी कासीम. हा हितं एकटा नाय. याच्या जेवणाखाण्याचं मी बघीन."

पलीकडून सुनील ओरडला, "शिवला! दादा, शिवला!"

योगायोग असेल. कावळ्याला काय कळतं? पण नेमका तेव्हाच?

दुपारी कासीमने मच्छी केली नाही. वरणभात केला, आणि माझं ताट रिकामं होईपर्यंत समोरून उठला नाही.