एका घोड्यावर दोन सेनापती

सर, आपल्या चौकात सेनापतींचा ब्राँझचा पुतळा अखेर उभा राहिला, आणि चौथऱ्यावरची संस्कृत ओळ तुमच्या विद्यार्थिनीची आहे. घोड्याचा पुढचा पाय वर, तलवार उपसलेली, चेहरा मात्र तुमचा उत्तरपत्रिका हातात घेतल्यावर व्हायचा तसा. ओळ एवढीच: ‘विजयते सेनापतिः’. फार मोठं काव्य नाही, ठाऊक आहे.

अनावरणाच्या आदल्या दिवशी जुळे सोलापूरहून रिक्षा करून बघायला गेले. चौथऱ्यावर ‘सेनापती’ होतं, दीर्घ. नववीत मी फळ्यावर हेच लिहिलं होतं. तुमचं संस्कृत पाठशाळेचं, मराठी सांगोल्याचं. खडू खाली ठेवून तुम्ही विचारता, “अगं, दीर्घ केलंस की द्विवचन झालं. हितं एक सेनापती दिसतोय, दुसरा कुटं हाय? शेरडं राखायला गेला व्हय?” वर्ग हसतो, मी रडते, आणि शाळा सुटल्यावर तुम्ही स्वतःच्या हातची शब्दरूपांची वही माझ्या दप्तरात कोंबता. मुली मला वर्षभर ‘दुसरा सेनापती’ म्हणत होत्या.

अक्षरं बसवणारा कारागीर अजून शिडीवरच होता. त्याला म्हटलं, वेलांटी डावीकडे घ्या आणि पुढं दोन ठिपके द्या.

“म्याडम, ठिपकं कशाला? स्क्रूची डोकी वाटत्याल की.”

“त्या दोन ठिपक्यांनी एक माणूस होतो.”

“आन् न्हाय लावलं तर?”

“दोन होतात.”

त्यानं वर घोड्याकडे बराच वेळ पाहिलं. “घोडा तर एकच हाय,” म्हणाला आणि कामाला लागला. सर, व्याकरण इतक्या लवकर पटलेला विद्यार्थी मला सगळ्या नोकरीत मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी हार, तुतारी, भाषणं. पुतळा समितीचे अध्यक्ष माझ्याकडे हात करून म्हणाले, “बाईंच्या नजरेतून वेलांटी सुटत नाही बरं का!” टाळ्या पडल्या. ऊर भरून आला तो तुमच्यासाठी, खरंच. मी मान वर करून उन्हात चमकणारे ते दोन ठिपके बघत होते. लोकांना वाटलं, सेनापतींना बघतेय.

फक्त एक राहिलं. समितीला दिलेला कागद माझ्याच अक्षरातला होता आणि ती दीर्घ वेलांटीही माझीच. कारागीरही टाळ्या वाजवत होता. कागद त्याच्या खिशात होता. तुम्ही असता तर मी फक्त टाळ्यांचं कळवलं असतं. आता हे पत्र तुमच्या वहीत, ‘हरिः हरी हरयः’च्या पानाशी ठेवते.