सुतळीच्या गाठी

प्रिय आण्णा,

आधी तक्रार नोंदवून घे. तुझी जुनी लेन्स माझ्या नव्या कॅमेऱ्याला बसवली, तर पडद्यावर उमटलं, ‘लेन्स जोडलेली नाही’! एवढी वजनदार वस्तू तोंडावर बसलीय आणि हा म्हणतो, नाहीच. न्यायशास्त्र शिकताना अभावाचे प्रकार मीही घोकले होते. हा त्यात नव्हता. शिवाय फोकसच्या रिंगवर कानशीने खाचा कशाला पाडल्यास? चांगल्या वस्तूचं वाटोळं!

तू जाऊन तीन वर्षं झाली. आज लिहितोय, कारण तुझी माफी मागायची आहे. आडवाटेने येतो, सवय आहे.

लेन्स काढली ती मुक्तासाठी. लेक शिकायला पुण्याला निघालीय. आष्टीतल्या तुझ्या स्टुडिओत तिचा पहिला फोटो याच लेन्सने निघाला होता ना? म्हटलं, हाही निघू दे. अडॅप्टर मागवला, तिला दारात उभी केली, रिंग फिरवली. सगळ्या फोटोंत ती धूसर! “बाबा, मागचा नळ फार सुंदर आलाय,” म्हणाली. शेवटी तुझीच पुतणी.

दोष कोणाला दिला असेल? तुलाच. आण्णाने लेन्सला बुरशी आणली म्हटलं. जालन्याच्या दुरुस्तीवाल्याने ती उजेडात धरली. “सर, काच बिलकुल साफ हाय. एकदा डोळे दाखवून या.”

दाखवले. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसतं, ज्याच्याकडे बघावं तेवढंच पुसट. इलाज नाही. “घरात आणखी कोणाला होतं?” डॉक्टरांनी विचारलं. मी चटकन “नाही” म्हणालो.

जिना उतरताना तुझी सुतळी आठवली.

शेवटी शेवटी तू गाठी मारलेली सुतळी लेन्सपासून गिऱ्हाइकाच्या नाकापर्यंत ताणायचास. मान तिरकी करून गाठी मोजायचास आणि रिंगवरची तेवढ्या आकड्याची खाच नखाने चाचपायचास. एका लग्नात मी सगळ्यांदेखत म्हणालो, “आण्णा, फोटो काढून राह्यलास की सदऱ्याचं माप घेऊन राह्यलास?” मांडव हसला. तूही हसलास. “हस बाबा. सुतळी बराबर सांगती.”

मला का नाही सांगितलंस? आणि मी तरी विचारलं कुठे!

मुक्ताचा फोटो निघाला अखेर, तुझीच सुतळी ताणून, सहाव्या गाठीवर. चांगला आलाय म्हणते. मला तिच्यामागचा नळ दिसतो.

माझ्या डोळ्यांचं मी समजून चुकलोय. पण परवा ती सुईत दोरा ओवत होती, मान तिरकी करून. तुझ्यासारखी.

सोमवारी तिला डॉक्टरांकडे नेईन, हा माझा शब्द. पण आण्णा, ते काय सांगतील याची मला फार भीती वाटते.

तुझा धाकटा,
विश्वनाथ