सूर्यावर सोपवलेली मुलगी

अण्णा, आज पुन्हा तुमच्यावर रागावले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

त्या हिवाळ्यात तुम्ही लखनौला आमच्या विकास नगरच्या घरी आलात, तेव्हा ल्युपस हे नाव आम्हीही नुकतंच ऐकलं होतं. तुमची दहा वर्षांची नात, इकडच्या रीतीने तुम्हाला नाना म्हणणारी, सांधे धरून बसायची, ताप हटत नव्हता, नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, अंगातले पहारेकरीच घरच्यांवर उठलेत. "धूप से बचाइए, और दवा अपने मन से कभी बंद मत कीजिए." ऐकायला सोपं. शेजारीण विचारायची, "छूत की तो नहीं है, भाभी?" गोळ्यांनी तोंड सुजलं म्हणून शाळेत पोरं तिला गोलगप्पा म्हणायची. मी कुणाकुणाला समजावू? त्यात घरात तुम्ही, माझेच वडील.

रथसप्तमीला मी खाली अंगणात गोवरीवर दूध उतू घालते आहे, आणि वर गच्चीत तुम्ही तिला अर्ध्या बाह्यांच्या फ्रॉकमध्ये अर्घ्य द्यायला उभं केलंय. "नाना, धूप मना है." "वेडे, सूर्यनारायण कधी कुणाचं वाईट करतो का? आजपासून तुला त्याच्यावर सोपवलं. गोळ्याही नकोत, बघ सूज कशी उतरते." हे तिने मला नंतर इस्पितळात सांगितलं. रोज गोळी तोंडात धरून मोरीत थुंकायची, आणि दाराशी राखणीला तुम्ही!

पाय सुजले, लघवीला फेस यायला लागला, दुखणं मूत्रपिंडापर्यंत गेलं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर तुम्ही जप करत होतात. म्हटलं, "अण्णा, मला एकदा विचारायचं तरी!" माळ न थांबवता तुम्ही म्हणालात, "तुझीच श्रद्धा कमी पडली." पहाटे उठून पूजा करणाऱ्या मला! अहो, गोळी हातावर ठेवतानाही मी देवाचंच नाव घेत होते. मी उत्तर जुळवत राहिले, आणि उन्हाळ्यात तुम्ही गावी गेलात ते गेलातच.

पोर वाचली. छत्री, गोळ्या, लघवीची तपासणी, सगळं अजून चालूच आहे. आज फोनवर हसत म्हणते, "आई, नाना सबसे अच्छे थे. एक उन्होंने ही मुझे बीमार नहीं समझा." मी "हो गं" म्हणून फोन ठेवला.

हे पत्र टाकायचं नाहीच आहे, म्हणून लिहिते. आजचा राग गोळ्यांचा नाही, अण्णा. मला तुमचा हेवा वाटला.