खडशी : आहे / नाही

१२ जून २००३
आलं मत्स्य खात्याचं पत्र. पंधरा सप्टेंबरपर्यंत कासारी नदीत खडशी माशाची एकही अंड्यावरची मादी सापडली नाही, तर मासा संपला असं धरून नदी आराखड्यातून वगळणार. मादी धरायची, पिल्लं वाढवायची, परत नदीत सोडायची — सगळा आराखडा तेवढ्यावर उभा. नऊ वर्षं मी त्यासाठी झिजतेय, आणि त्यातून माझीच नदी बाहेर!

स्टाफरूममध्येच रडले. प्राणिशास्त्राच्या बाई माशासाठी रडल्या, असं शिपाई कॉलेजभर सांगत सुटलाय.

२६ जून
जोतीराम भोई जाळं घेऊन आले. सत्तरी गाठली, जन्म कासारीवर गेला. तीन डोह पालथे घातले. चिलापी, चिलापी, नुसती ती बाहेरून आलेली चिलापी. "बाई, न्हाय आता ती. तसं लिवून टाका की."

२७ जून
लिहून टाका म्हणे. एकदा लिहायला सांगितलं, त्याचंच भोगतेय. २००० साली पेपरवाल्याला डोहाचं नाव मीच दिलं. हौसेनं! दुर्मीळ मासा इथे आहे — फोटोसकट छापून आलं. पंधरा दिवसांत कुणीतरी मासे मारायला तिथं जिलेटिन उडवलं. मी पोचले तेव्हा काठाला सतरा पडल्या होत्या, पोटात अंडी. मी मारल्या त्या. संग्राम म्हणतो, तू नाही मारल्यास. नवऱ्याला तसं म्हणावंच लागतं.

१९ जुलै
एकोणतीस गावं झाली. फॉर्मवर एकच प्रश्न : खडशी आहे / नाही. एकोणतीस वेळा नाही.

२ ऑगस्ट, पंचमी
नदीच्या पार वरच्या अंगाचं शेवटचं गाव. नदीच्या घाटाजवळ एकच घर, तिथल्या म्हातारीला सगळे आक्का म्हणतात. खडशी दिसते का विचारलं. "न्हाय बा." तिसावं नाही. संपलं.

पंचमीला लेकी आलेल्या, घर भरलेलं. आक्का मला उठूच देईना. माहेर कुठलं? कोडोली. आई हाय? गेल्या वर्षी गेली म्हटलं. आक्कानं ताटात अजून एक पुरणाचं दिंड वाढलं. निघताना हातात भाताचा गोळा दिला — माहेरवाशिणींस्नी घाल म्हणून. त्यांच्यातली काहीतरी रीत असेल. पाऊस, गढूळ पाणी, छत्री उलटी झालेली. गोळा नदीत टाकला आणि मागं न बघता एसटी गाठली.

२१ ऑगस्ट
वगळू दे. मीही दमले.

५ सप्टेंबर
फॉर्मवर आक्काचा अंगठा घ्यायचा राहिला होता, म्हणून परत गेले. गावात आज गौरी बोळवल्या. पाणी निवळलेलं. आक्का घाटाच्या पायरीवर बसून दहीभात टाकत होती, आणि खाली पाण्यात — लांबच लांब पाठी, रुपयाएवढे खवले. चौदा मोजल्या.

"आक्का, अहो ही खडशीच की!"

"खडशी बाजारात असती, पोरी. ह्या माहेरवाशिणी. पंचमीला वर येत्यात, गौरीसंगं जात्यात. माहेरवाशिणीला कुणी हात लावतंय व्हय?"

अख्खं गाव तेच म्हणतं. त्या डोहात जाळं नाही की गळ नाही. मी नऊ वर्षं बाजारातलं नाव घेऊन विचारत फिरले, आणि त्यांनी खरं तेच सांगितलं.

फॉर्म पुढं केला. वाचता येत नाही तिला. अंगठा उठवला आणि म्हणाली, "काय लिवायचं ते तुजं तू बघ. आन् फुडल्या पंचमीला तूबी ये."

९ सप्टेंबर
'आहे' लिहिलं तर नदी आराखड्यात राहते, माझी नऊ वर्षं वाचतात. पण मग अधिकारी येणार, त्यांच्यामागं पेपर, आणि पेपरमागं काय येतं ते मी बघितलंय. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.

१५ सप्टेंबर
कासारी : नाही. पाठवून दिलं.

संग्रामला सांगितलं, पुढच्या पंचमीला मी माहेरी जाणार. कोडोलीला आता कोण आहे, म्हणाला. कोडोलीला नाही, म्हटलं.