अकरा सेकंद

सोमवार, ३
नोकरीचा पहिला दिवस झकास! खिडकीजवळचं टेबल मिळालं. पाच देशांत मानसोपचार घेतलेल्या लोकांच्या मुलाखती ऐकायच्या आणि दुभाष्याचं मराठी शब्दन्‌शब्द टाइप करायचं. हुंदका, खोकला, सगळं नोंदवायचं. कोणी गप्प झालं तर कंसात सेकंद लिहायचे. आमच्या प्रमुख, मोठ्या बाई, यांनी एकच बजावलं: शांतता मोजायची, आवाज वाढवून ऐकायची नाही. घरी चिमणीला सांगितलं. सहा वर्षांची माझी लेक, तोंडाला क्षणभर विसावा नाही. म्हणाली, माझी मुलाखत घेतलीस तर तुला कंस लागणारच नाहीत.

गुरुवार, ६
गंमतच आहे. शेवटचा प्रश्न सगळ्यांना एकच, आता कसं वाटतं? कोळी, शाळामास्तर, म्हातारी नर्स, तिघं तीन देशांतले. तिघंही बरोबर अकरा सेकंद गप्प. मग उत्तरही तेच: आता बरं आहे. काही त्रास नाही. मोठ्या बाईंना सांगितलं. माझ्या आधी या टेबलावर काम करणाऱ्या मुलीलाही हे खटकलं होतं म्हणे. ती कुठे असते विचारलं, तर म्हणाल्या, बरी आहे.

सोमवार, १०
आवाज वाढवला. राहवेना.
शांततेत कुणीतरी कुजबुजतं. उत्तर आधी ते देतं, मग माणूस. कोळी त्याच्या भाषेत बोलतो, नर्स तिच्या. कुजबुज मात्र मराठीत, अगदी माझ्या कानाशी.

मंगळवार, ११
काम तुंबलं म्हणून फाइली घरी आणल्या, इथेच चुकलं. कुकर लावून येते तो हेडफोन चिमणीच्या कानांवर, आवाज पूर्ण वाढवलेला. हिसकावले. कसं वाटतंय गं, विचारलं. नुसती बघत राहिली. मग म्हणाली, आता बरं आहे. काही त्रास नाही.
सहा वर्षांची पोर असं बोलते?

बुधवार, १२
डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत. घरी मी विचारलं, जेवतेस? अकरा सेकंद. शाळेत जायचं? अकरा. उत्तर तेच. दिवसभरात एकदाही ‘का’ नाही.
मोठ्या बाईंना फोन केला, रडले, विचारलं, तुम्हीही ऐकलंत ना? त्या गप्प. मी मोजलं — अकरा. त्यांना काही त्रास नाही.

गुरुवार, १३
हेडफोन फोडले. उपयोग नाही. भर दुपारी तिला समोर बसवलंय. म्हटलं, त्याच्या आधी तू बोल, बाळा. भांड माझ्याशी. काहीही बोल, पण तुझं तू —
मोजतेय. तीन — ओठ हलले — पाच — ‘आ’ म्हणाली, ‘आई’च म्हणत होती — आठ — बोल ना गं — नऊ — माझ्या कानाशी कुणीतरी — दहा — मला विचारतंय, आता कसं —

आता बरं आहे. काही त्रास ना